वाक्यात उपयोग

३ नोव्हेंबर, सोमवार
नक्की झाले. बोईसरचा प्लांट गुजरातेत दहेजला जाणार. इतके दिवस ही कॅन्टीनमधली अफवा होती. आज एचआरच्या धीरज साहेबांनी स्वतः स्टोअरमध्ये येऊन कन्फर्म केले. डिसेंबरअखेर मशिनरी हलणार, माणसे थोडी आधी. इथे फक्त एक छोटे एक्स्पोर्ट ऑफिस राहील. त्यात स्टोअरमधला एकच माणूस ठेवणार. मी किंवा नीलेश. परदेशी पार्टीशी फोनवर बोलावे लागते, म्हणून हेड ऑफिसच्या मॅडम येऊन आमचा इंग्रजीत इंटरव्ह्यू घेणार.

मला काळजी नाही. नीलेशचे इंग्रजी ओकेला सुरू होते आणि थँक्यूला संपते. माझे वाचन आधीपासून चांगले आहे. बोलताना फक्त शब्द कमी पडतात. शब्द वाढवले की काम झाले.

घरी सांगितले. जमना बोंबलांच्या टोपल्या धूत होती. म्हणाली, दहेज कुटं हाय? मी म्हणालो, भरूचच्या पुढे. ती म्हणाली, तितं एकटं कोन रांधून घालनार तुमाला? मी म्हणालो, प्रश्नच येत नाही, मी जाणारच नाही. ती म्हणाली, बरं.

विश्वास दिसला नाही.

४ नोव्हेंबर
बोईसर स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून शब्दांचे जाड पुस्तक घेतले. ए ते झेड. आधी शब्द, मग मराठी अर्थ, मग वाक्यात उपयोग. शाळेत मला हाच प्रश्न आवडायचा. रोज पंचवीस शब्द केले तर चाळीस दिवसांत हजार होतात. हजार शब्दांचा माणूस गुजरातला कोण पाठवेल?

टाइमटेबल केले. शिरगावात आमच्या घराचे घड्याळ भरतीवर चालते. पुनवेला आणि अवसेला उधाण असते, तेव्हा थोरल्या भावाची बोट भरून येते आणि घरात कोणाच्या हाताला फुरसत नसते. अष्टमीच्या सुमारास भांग. पाण्याला जोर नाही, जाळ्यात मासळी नाही, घर शांत. म्हणून ठरवले, भांगात अभ्यास, उधाणात उजळणी. असे शास्त्रशुद्ध टाइमटेबल नीलेशला सात जन्मांत सुचायचे नाही. तो मनोरकडचा, त्याला भरती काय माहीत.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
उधाण. आज उजळणीचा दिवस. अजून काही शिकलेलो नसल्यामुळे उजळणीला काही नव्हते. लवकर झोपलो.

९ नोव्हेंबर, रविवार
आज प्रत्यक्ष सुरुवात. पहिलाच शब्द ॲबॅन्डन, म्हणजे सोडून देणे. पुस्तकातले वाक्य: राजाने सिंहासन ॲबॅन्डन केले. पाच वेळा वाचले आणि विसरलो. आमच्या घरात कोणाला सिंहासन नाही, हे कारण असावे.

माझी मुलगी पूर्वी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, बाबा, राजाला सोडा. आपल्या घरातलं वाक्य बनवा, म्हणजे डोक्यात राहतं. तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजी करून देते, तुम्ही पाठ करा. पोरगी माझ्यावर गेली आहे.

ॲबॅन्डन. वाक्य: माझ्या बायकोने मला डब्यात चटणी देणे ॲबॅन्डन केले आहे.
ॲबेट, म्हणजे ओसरणे, कमी होणे. वाक्य: माझ्या घरातला बोंबलाचा वास कधीच ॲबेट होत नाही.

पूर्वी म्हणाली, आईने चटणी बंद केली ती डॉक्टरांनी तुमच्या ॲसिडिटीला सांगितलं म्हणून. मी म्हणालो, उदाहरणात कारण लिहायचे नसते. उदाहरण म्हणजे काही खरी गोष्ट नव्हे, ते शब्दासाठी असते.

दोन्ही शब्द पक्के झाले. पद्धत सापडली. आता वेग घेणार.

१२ नोव्हेंबर, अष्टमी
भांग. घर शांत. पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो. भांगाला सगळे गाव रिकामे असते, हे टाइमटेबलमध्ये धरायचे राहिले होते. एकेक जण येऊन बसला. सगळ्यांना दहेजची माहिती हवी. तिकडे पाणी खारट का, दारू मिळते का. दुसऱ्या प्रश्नावर चर्चा बराच वेळ चालली.

चिंतूदादा शेवटी आला. माझा थोरला भाऊ, बोट त्याची. पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखे खालीवर केले. म्हणाला, पुंड्या, आपल्या बापाने अंगठा लावून बोट घेतली रं. तुला एका खुर्चीला येवढं पुस्तक लागतं व्हय?

मी पुस्तक परत घेतले. ॲबाइड, म्हणजे सहन करणे. वाक्य: मी माझ्या भावाचे टोमणे वर्षानुवर्षे ॲबाइड करत आहे. दादाचा असा उपयोग झाला.

१४ नोव्हेंबर
शिफ्टिंगसाठी स्टोअरमधले सगळे ड्रम खाली उतरवून, लेबल लावून, पुन्हा चढवतो आहोत. माणसे तेवढीच, काम दुप्पट. पालघरला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडले. शेजारी नीलेश घोरत होता. मलाही नाक्यापर्यंत झोप लागली. पण माझ्या मांडीवर पुस्तक उघडे होते. हा फरक इंटरव्ह्यूत दिसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
मध्ये खंड पडला. पाया कच्चा ठेवून पुढे जाणे योग्य नाही. पुन्हा ॲबॅन्डनपासून सुरुवात केली.

अबोड, म्हणजे निवासस्थान. वाक्य: माझ्या अबोडमध्ये मला बसायला जागा नाही. हे मी उभ्यानेच बनवले, कारण खुर्चीवर जमनाच्या टोपल्या होत्या. टोपल्या खाली ठेवल्या तर मांजर येते. मांजर एकदा आलेच होते, तेव्हा मी खुर्चीवर होतो. तो विषय अजून निघतो.

१९ नोव्हेंबर
सर्दी. सर्दीत इंग्रजी उच्चार बिघडतात आणि मग तीच सवय लागते. विश्रांती.

२३ नोव्हेंबर, रविवार
अमावास्येचे उधाण. बोंबील एवढे आले की जमनाच्या मदतीची बाई दोन दिवसांत थकून घरी बसली. जमना म्हणाली, अवो, पुस्तक ठेवा आन जरा हात लावा. मी म्हणालो, मला अभ्यास आहे. ती म्हणाली, तोंडानं करा अभ्यास. हात रिकामंच हायती.

नोकरी लागल्यापासून मी मासळीला हात लावलेला नव्हता. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. हात विसरले नव्हते. दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. एक जोडी, एक शब्द, असे सुरू केले.

जमना प्रत्येक शब्दाला विचारायची, म्हंजे काय? ॲब्हॉर, मी म्हणालो, म्हणजे अगदी नकोसे वाटणे. वाक्य: बोंबलाला हात लावणे मी ॲब्हॉर करतो. ती हसत सुटली. म्हणाली, दोरी भरत आली तुमची. नकोसं वाटतंय ते बोंबलांना सांगा, त्यांना कळाया नको व्हय? मग दर जोडीला तीच विचारू लागली, ह्यो नकोसा हाय का तो? ऊन उतरेपर्यंत तिथेच होतो.

कमरेत कळ, नखांत खवले, अंगाला वास. वेळ पूर्ण वाया गेला. पण एबीने सुरू होणाऱ्या शब्दांचे पान मात्र आडवेतिडवे पाठ झाले. योगायोग.

पुस्तकाच्या त्या पानाला बोंबलाचे तेल लागले आहे. पलीकडची अक्षरे दिसतात.

२६ नोव्हेंबर
पूर्वीला अजून दोन शब्दांचे इंग्रजी करायला दिले.

ॲब्सेंट, म्हणजे गैरहजर. वाक्य: मी जेवायला ॲब्सेंट असलो तरी माझ्या घरी कोणाच्या लक्षात येत नाही.
ॲब्सोल्यूट, म्हणजे संपूर्ण. वाक्य: मला घरात ॲब्सोल्यूट शांतता हवी, म्हणजे माझा अभ्यास होईल.

पूर्वी लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, बाबा, परवा तुम्हाला उशीर झाला तेव्हा आईने तीनदा फोन लावला होता. तुमचा फोन बंद होता. मी म्हणालो, फोनला इंग्रजीत फोनच म्हणतात, त्यात शिकण्यासारखे काही नाही. ती म्हणाली, एखादं तरी चांगलं वाक्य टाका. मी म्हणालो, शब्दच तसे आहेत, मी काय करू? चांगले शब्द पुढे असतील. ओळीने जाऊ.

२८ नोव्हेंबर
आज प्रत्यक्ष वापर. गेटवर टँकर आला, वजन आणि चलन जुळेना. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा. मी म्हणालो, धिस इज ॲब्नॉर्मल. तो खाली उतरला आणि म्हणाला, साहब, गाली मत दीजिए, काँटा आपका है. नीलेश मध्ये पडला. खांद्यावर हात ठेवून ड्रायव्हरला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला, चहा पाजला, पुन्हा काट्यावर आणला. काट्याखाली पाणी साठले होते, ते काढले. वजन जुळले.

इंग्रजीचा परिणाम झाला, हे महत्त्वाचे. चहाने फक्त वेळ गेला.

१ डिसेंबर, सोमवार
इंटरव्ह्यूची तारीख आली. ११ डिसेंबर, गुरुवार. म्हणजे अष्टमी, भांग. वडील असते तर म्हणाले असते, भांगात जाळे टाकू नये. मी असले काही मानत नाही.

आढावा घेतला. हजार शब्दांपैकी एबी हे पान झाले आहे. कमी वाटेल. पण शब्दांची संख्या बघायची नसते, पकड बघायची असते.

नीलेशला विचारले, तयारी? तो केळे सोलत होता. म्हणाला, पुंडलिकभाऊ, बोलावतील तवा बघू. आपल्याला येतं तेवढं बोलायचं. मला त्याची दया आली. त्याची म्हातारी आई मनोरला एकटी असते. पण स्पर्धा ती स्पर्धा.

५ डिसेंबर
उधाण. उजळणी. पुन्हा ॲबॅन्डनपासून. आता झोपेत विचारा.

प्रत्यक्ष झोपेत विचारले नाही, पण जमना म्हणाली की मी झोपेत अबोड अबोड बोलत होतो. तिला वाटले कोणाचे तरी नाव आहे.

१० डिसेंबर
उद्या. सगळी वाक्ये इंग्रजीत पाठ. पूर्वीने शेवटचे ऐकले. म्हणाली, उच्चार बरे झालेत, पण बाबा, ही वाक्यं तिथे म्हणायची नाहीत हं, ही शब्द लक्षात ठेवायला होती. मी म्हणालो, मला कळते.

जमनाने शर्टाला इस्त्री केली. लिंबाची फोड दिली, हाताला चोळायला. वास गेला का ते तिने स्वतः हात नाकाजवळ नेऊन बघितले. म्हणाली, झ्याक. आता सायेब वाटता. मी म्हणालो, वाटायचे काय त्यात. ती म्हणाली, ऱ्हावा मग हितंच सायेब होऊन.

११ डिसेंबर, गुरुवार
झाला. उत्तम झाला. आयुष्यात असा इंटरव्ह्यू झाला नाही. अर्थात आयुष्यात दुसरा झालेलाच नाही, पहिल्या नोकरीला मामाने चिकटवले होते.

आत धीरज साहेब आणि हेड ऑफिसच्या प्रियदर्शिनी मॅडम. मॅडम शांत स्वभावाच्या, चष्मा. आधी स्टोअरचे विचारले. ड्रम, नंबर, तारखा. त्याला हो आणि नाहीवर भागले. मग त्या म्हणाल्या, आता स्वतःबद्दल सांगा, घरी कोण कोण असते, सगळे कसे आहे.

क्षणभर डोके रिकामे झाले. सिंहासनावरचा राजा तेवढा समोर आला. आणि मग एबीचे अख्खे पान उघडले. तेलाच्या डागासकट.

सुरुवात ॲबॅन्डनपासूनच केली. माय वाइफ हॅज ॲबॅन्डन्ड. चटणीचे इंग्रजी आठवेना, म्हणून तिथेच पूर्णविराम दिला. मॅडमनी पेन खाली ठेवले. मग भावाचे टोमणे वर्षानुवर्षे ॲबाइड करतो ते सांगितले. माझ्या अबोडमध्ये मला बसायला जागा नाही. घरातला वास ॲबेट होत नाही. मी जेवायला ॲब्सेंट असलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एकही वाक्य अडखळले नाही. मॅडमनी स्वतः उठून मला पाण्याचा ग्लास दिला. नीलेशला कोणी पाणी दिल्याचे ऐकले नाही.

शेवटी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, कंपनीकडून तुमची काय अपेक्षा आहे? माझ्याकडे एकच वाक्य उरले होते. मला ॲब्सोल्यूट शांतता हवी. अभ्यासाचा भाग सोडून दिला, तो आता लागू नव्हता.

मॅडमचे डोळे ओलावले. उच्चारामुळे असावे. धीरज साहेब पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी मी नक्की काहीतरी करीन.

नीलेश पाच मिनिटांत बाहेर आला. विचारले, काय बोललास? म्हणाला, मॅडमनी घरचं विचारलं. मी सांगितलं, होम गुड, मदर गुड, आय स्टे. मग पुढचं येईना, तर मॅडमच मराठीत बोलल्या.

बिचारा.

१२ डिसेंबर
पेढे आणले. निकालाआधी वाटणे योग्य नाही, म्हणून फक्त घरात, शेजारी आणि दादाकडे. दादाने दोन घेतले. म्हणाला, आता रोज हितंच ओट्यावर भेटशील म्हन की. तोंड दुसरीकडे होते. दादाला असे बोललेले कधी ऐकले नव्हते. पेढ्याचा परिणाम.

१५ डिसेंबर, सोमवार
धीरज साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. दार लावून घेतले. एक्स्पोर्ट ऑफिसला नीलेश.

मी दहेजला.

मी म्हणालो, काहीतरी चूक आहे. साहेब म्हणाले, चूक नाही पुंडलिक, मॅडमनी तुमच्यासाठी स्पेशल केस केली. बाकीचे तिथे तिघे तिघे राहणार. तुम्हाला एकट्याची खोली. कॉलनीच्या अगदी टोकाला, कोणाचा आवाज नाही. अहो, घरी एवढा त्रास होता तर आधी बोलायचं. बावीस वर्षं एकत्र काम करतो आपण.

मी सांगितले की ती उदाहरणे होती. शब्द पाठ व्हावेत म्हणून. बायको चटणी देत नाही ती ॲसिडिटीमुळे. आधी त्यांना वाटले, मी घरची अब्रू झाकतो आहे. मग बहुधा पटले, कारण त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मॅडमना आजच्या आज फोन करा. सांगा, ती पाठ केलेली वाक्यं होती, मला तेवढंच इंग्रजी येतं, आणि मला घरी राहायचं आहे. त्या चांगल्या आहेत, ऐकतील. एक्स्पोर्टला दुसरी जागा काढता येईल, पॅकिंगची. बुधवारी लिस्ट वर जाते, त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

जाता जाता त्यांनी मॅडमचा शेरा वाचून दाखवला. इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व, बोलणे थेट काळजातून येते.

उत्तम प्रभुत्व. शाळेत सरांनी माझ्याबद्दल एवढेच लिहिले होते की अक्षर बरे आहे.

घरी फक्त म्हणालो, अजून नक्की नाही.

१६ डिसेंबर
फोनवर काय बोलायचे ते पूर्वीने इंग्रजीत लिहून दिले. तीन वाक्ये. ती उदाहरणे होती. मी ती पाठ केली होती. मला माझ्या घरी राहायचे आहे. पूर्वी म्हणाली, मधलं सर्वात महत्त्वाचं, ते गाळू नका. ते सांगितलं नाही तर बाकीचं त्यांना खरं वाटणार नाही.

मी मधल्या वाक्यावर बराच विचार केला. पाठ केली होती असे म्हटले की उत्तम प्रभुत्व गेले. माणसाने नम्र असावे, पण स्वतःहून शेरा पुसायला सांगणे म्हणजे अति. मधले वाक्य न म्हणता तोच अर्थ पोहोचेल असा शब्द पुस्तकात शोधला. एबीच्या पानावर नाही.

उद्या सकाळी ताज्या डोक्याने.

१७ डिसेंबर, बुधवार
दुपारी फोन केला. सकाळी मॅडम मीटिंगमध्ये असतील, असा विचार केला होता.

मॅडमनी लगेच उचलला. माझे नाव ऐकून त्यांचा आवाजच बदलला. म्हणाल्या, मिस्टर पुंडलिक, तुमच्याबद्दल मी आमच्या मोठ्या साहेबांनाही सांगितले. इतक्या कमी शब्दांत इतके खरे बोलणारा माणूस मी पाहिला नाही. मग विचारले, आता बरे वाटते ना?

कागद हातात होता. तीन वाक्ये. मी मधल्यावर बोट ठेवले होते.

मी म्हणालो, ॲब्सोल्यूटली, मॅडम. थँक्यू.

संध्याकाळी लिस्ट गेली. धीरज साहेबांनी कन्फर्म केले. तेही फक्त मान हलवून.

१९ डिसेंबर
घरी सांगितले. जमनाने ऐकून घेतले आणि सुके बोंबील बांधायला बसली. मी म्हणालो, ही बढतीसारखीच गोष्ट आहे. एकट्याची खोली मिळते, इतर कोणाला नाही. शिवाय तिथे अभ्यासाला वेळच वेळ. सहा महिन्यांत झेडपर्यंत जाईन, मग कंपनीच मला परत बोलावेल. दादा म्हणाला, मग काय, लंडनलाच जा की. पण नेहमीसारखा हसला नाही.

नीलेश घरी येऊन गेला. ओशाळलेला. म्हणाला, भाऊ, मला खरंच तेवढंच येत होतं. मी त्याला धीर दिला.

२१ डिसेंबर, रविवार
बॅग भरली. जमना आज पालघरच्या बाजारातून लवकर परतली. टोपली अर्धी भरलेलीच होती. कंपनीतल्या कोणाच्या तरी बायकोने तिला सगळ्यांसमोर विचारले, नवऱ्याला घरात बसायलापन देत न्हाईस म्हनं?

चिडली असती तर बरे झाले असते. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, काय सांगितलंत तुमी त्यांना माझं? मी म्हणालो, ती उदाहरणे होती. खरी नसतात. शब्दासाठी असतात. ती म्हणाली, ते सांगितलं मला पोरीनं. मग म्हणाली, येवढ्या मोठ्या पुस्तकात येक बरं उदाहरन न्हाय घावलं तुमाला?

ती उठून चुलीकडे गेली.

पुस्तक बॅगेत टाकायला घेतले. एबीचे पान पिवळे, पारदर्शक, कोपरा तुटलेला. बाकी अख्खे पुस्तक कोरे, पाने एकमेकांना चिकटलेली. नखाने सोडवून पहिल्यांदाच पुढे गेलो. फार पुढे नव्हते. सात-आठ पानांवर ॲडमायर, म्हणजे कौतुक वाटणे. त्याच्याखाली ॲडोर. पान उलटले की ॲफेक्शन, म्हणजे माया. रोज पंचवीसप्रमाणे गेलो असतो तर पहिल्याच महिन्यात इथे आलो असतो.

ॲडमायर. वाक्य: दोरीच्या पलीकडे

उरलेले नंतर करू. इंग्रजी करायला पूर्वी लागेल आणि ती आईबरोबर दोऱ्या ताणायला गेली आहे. अमावास्येचे उधाण आहे.

उद्या पहाटे कंपनीची बस पालघर नाक्यावर येणार, धीरज साहेबांनी कन्फर्म केले आहे. दादाची बोट त्याच सुमाराला लागेल, त्यामुळे सोडायला कोणी येणार नाही. जमनाने सुक्या बोंबलांची पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवली आहे. तिथली मेस शाकाहारी आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. उद्या संध्याकाळी खोलीत बॅग उघडीन. एकट्याची खोली, दार बंद. वास लवकर ॲबेट होणार नाही.